दोन बाटल्या, एकच लेबल

आमच्या संस्थेचं पूर्ण नाव एका दमात म्हणून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. देशभरातल्या क्लिनिकल बायोकेमिस्ट लोकांची ती संस्था. म्हणजे तुमच्या रक्तात साखर किती, क्षार किती, चरबी किती, हे जे मोजतात ना, ते आम्ही. लग्नकार्यात कुणी 'काय करता' विचारलं की मी गवंडीकाम करतो म्हणून सांगतो. खरं सांगितलं तर समोरचा जेवता जेवता खिशातून रिपोर्ट काढतो.

संस्था जन्माला आली ती भांडणातून, आणि हे मला फार आवडतं. एक पेशंट तीन लॅबचे तीन रिपोर्ट घेऊन एका हॉस्पिटलात आला. एकाच सकाळचं रक्त आणि साखरेचे आकडे तीन. यातली माझी कुठली, एवढंच त्याने विचारलं. तिन्ही लॅबवाल्यांना बोलावलं. त्यांनी एकच बाटली वाटून घेतली, आपापल्या लॅबमध्ये जाऊन मोजली आणि पुन्हा तीन वेगळे आकडे घेऊन हजर. मग जी जुंपली म्हणता. प्रत्येकाचं म्हणणं, बाकीचे दोघे डोळे मिटून मोजतात. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात तरुण बाई म्हणाली, आपण दर दोन महिन्यांनी अशीच एक बाटली वाटून घेऊ या आणि रीतसर भांडू या. त्या भांडणाची पुढे घटना झाली, शिक्का झाला, वार्षिक सभा झाली. ती तरुण बाई आता आमच्या अध्यक्ष. सगळा देश त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. केस पांढरे झाले, आवाज अजून तोच आहे, चार खोल्या पलीकडे टेस्टट्यूब तडकेल असा.

बाटली वाटायची पद्धत सोपी. रक्तातला लाल भाग बाजूला काढला की वर पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. ते वाळवून त्याची पूड करायची, छोट्या बाटल्यांत भरायची, सगळीकडे पार्सलने पाठवायची. लॅबवाल्याने त्यात मोजून शुद्ध पाणी घालायचं, तपासायचं आणि आकडा आम्हाला कळवायचा. सगळ्यांच्या आकड्यांपासून ज्याचा फार लांब, तो 'बाहेर'. लागोपाठ तीनदा बाहेर पडलात की संस्थेच्या यादीतून नाव जातं. आणि यादीत नाव नसलेल्या लॅबकडे कुठलंही मोठं हॉस्पिटल रक्ताचा थेंब पाठवत नाही.

ही पार्सलं भरायचं काम माझ्याकडे आहे. संस्थेत मला उचापती म्हणतात. एका वार्षिक सभेत मी खजिनदारांच्या खुर्चीखाली जुन्या मशीनचा अलार्म बांधून ठेवला होता. ते उभं राहून बोलायला लागले की तो वाजायचा, बसले की थांबायचा. अहवाल अर्ध्या वेळात आटोपला, सभागृहाने आभार मानले, आणि बाईंनी शिक्षा म्हणून मला पार्सलांवर बसवलं. मीच पार्सल भरणार म्हटल्यावर आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संस्थेची बाटली तपासायला मला बंदी. ते आमचे साहेब करणार.

तर झालं असं, की माझी ताई बाहेर पडली.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. लहान गावात सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांची तिची लॅब. भाऊजी काउंटरवर बसून पेशंटला धीर देतात आणि ताई आत बसून पेशंटला दम देते. डिग्री माझ्याहून मोठी, तोंड डिग्रीहून मोठं. गावात एक हॉस्पिटल आहे, त्याचं सगळं रक्त तिच्याकडे येतं. त्यावरच लॅब चालते. बाकी साखर-बिखर सगळं चोख, पण कॅल्शियममध्ये ती एकदा बाहेर पडली. मला वाटलं, होतं कधीमधी. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी बोटं मोजली. पुढच्या बाटलीला चुकली की नाव गेलं, हॉस्पिटल गेलं, दोन खोल्यांना कुलूप.

मी तिला फोन केला. अजून काही बोललोच नव्हतो, तर ती म्हणाली, "गुंड्या, बाटलीत काय आहे ते सांगायला फोन केला असशील तर लगेच ठेव."

मी म्हटलं, अगं मी तुझी तब्येत विचारायला केला.

"माझी तब्येत तू जन्मात विचारली नाहीस. ठेव."

ठेवला. पण डोक्यात भुंगा लागला. गेल्या बाटलीचे सगळे आकडे काढून बसलो. ताई कुठे चुकते ते बघायचं होतं. बघता बघता मी ताईला विसरलो आणि बाकीच्यांकडेच बघत राहिलो. काय देखणे आकडे. सगळे एकाला एक चिकटून, एकाच आईची जुळी लेकरं जशी. आता मी या धंद्यात केस घालवलेत. एका लॅबचं मशीन नवं, दुसऱ्याचं आजोबांच्या वयाचं. एकीकडे उकाडा, एकीकडे दिवसातून चारदा वीज जाते. यांची उत्तरं थोडी इकडेतिकडे सांडलीच पाहिजेत. खरी मापं कधी अशी रांगेत उभी राहत नाहीत. शाळेत अख्ख्या वर्गाचं गणित एकाच पद्धतीने चुकतं तेव्हा मास्तरला जे कळतं, तेच मला कळलं.

आणि सगळे चिकटले होते कुणाला, तर 'मीटर'ला. मीटर म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या लॅबचे प्रमुख; सगळे आपलं माप त्यांच्या मापाला लावून बघतात म्हणून हे नाव. पाच मजली इमारत, काचेचे दरवाजे, मशीन असं की आपणहून गुड मॉर्निंग म्हणतं. माणूस हुशार, आकडा बहुतेक बरोबर, पण विचारलं की सांगायची भारी हौस. पार्सल पोचलं की यांचा फोन दिवसभर गुंतलेला.

मी तडक बाईंकडे गेलो. त्या बेंचवर बसून पिपेटची काचनळी पुसत होत्या. मी आकडे समोर ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. म्हणाल्या, मला हे गेलं वर्षभर खुपतंय, पण पुरावा कुठून आणायचा? त्यांचा चेहरा पडला होता. ज्या भांडणासाठी संस्था काढली ते भांडणच लोकांनी बंद करून टाकलं होतं. फोनवर, गोडीगुलाबीने.

मी म्हटलं, बाई, या वेळी बाटल्या दोन करू. एकात कॅल्शियम नेहमीसारखं, नऊच्या आसपास. दुसऱ्यात वरून घालून बारा करू. बाटली सारखी, बूच सारखं, लेबल सारखं. निम्म्या लॅबना नऊ पाठवू, निम्म्यांना बारा. शेजाऱ्या-शेजाऱ्यांना वेगवेगळी. जो स्वतः मोजेल त्याला आपल्या बाटलीतलं सापडेल. जो फोन करेल त्याला दुसऱ्याच्या बाटलीतलं सापडेल.

बाईंनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघतो तर हसू दाबतायत.

"तुला खजिनदाराच्या खुर्चीखालून काढला," त्या म्हणाल्या, "ही चूकच झाली माझी."

दोनच अटी घातल्या त्यांनी. एक, कुणाला कुठली बाटली हे त्या ठरवणार, मी नाही. दोन, ताईला फोन करायचा नाही. दुसरी अट ऐकून मी जरा दुखावल्यासारखं केलं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढचे दिवस कसे गेले म्हणून सांगू. आम्ही दोघं दार लावून सीरम वाळवत होतो आणि शाळेतल्या पोरांसारखे खिदळत होतो. बाटल्या भरल्या, पार्सलं गेली. मीटरच्या लॅबला नऊची गेली, एवढं बाईंनी सांगितलं. ताईचं काय, ते काही केल्या सांगेनात. मग वाट बघणं आलं, आणि माझ्यासारख्याला पोटात गुपित ठेवणं म्हणजे जिवंत बेडूक खिशात ठेवणं. आमच्या लॅबमध्ये साहेबांच्या हातात बाटली पडली तेव्हा मी मुद्दाम जिन्यात जाऊन उभा राहिलो. चेहऱ्यावर माझा भरवसा नाही.

आकडे आले. बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. एका अंगाला नऊ, दुसऱ्या अंगाला बारा. त्या आकडा वाचणार, मी टिकली चिकटवणार. नऊवाल्यांच्या टिकल्या नऊवर बसल्या, ठीकच आहे. मग बारावाले सुरू झाले. पहिला नऊ. दुसरा नऊ. तिसरा नऊ पूर्णांक काहीतरी, बिचाऱ्याने चोरी लपवायला थोडी खाडाखोड केली होती. माझ्या हातातल्या टिकल्या पडायला लागल्या, इतका मी हसत होतो. समोर बारा लिहिलेली अख्खी बाजू मोकळी, लग्नाला वऱ्हाडच आलं नाही तसा मांडव. बाई पण 'अरे देवा, अरे देवा' करत पुढचा आकडा वाचत होत्या.

आणि वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, उचापती, ही तुमची लॅब ना रे?

बाराची बाटली आली होती आम्हाला. साहेबांनी नऊ कळवले होते.

माझं हसू तिथेच आटलं. बाईंचं मात्र तेव्हाच खरं सुटलं, त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मी ती टिकली नऊवर लावली, जरा जोरातच.

मोजून तीन-चार लॅब बारावर आल्या. लहान गावांतल्या, फोन करायचं धाडस नसलेल्या किंवा गरज न वाटलेल्या. शेवटी ताई राहिली. बाईंनी आकडा मनात वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

बारा होती तिची बाटली. तिने तेरा कळवले होते.

म्हणजे ताईने कुणाला विचारलं नव्हतं. शंभर टक्के आपल्या हाताने मोजलं होतं. आणि शंभर टक्के चुकली होती. तिसऱ्यांदा. नऊवर बसलेले चोर नियमाप्रमाणे आत आणि माझी बहीण नियमाप्रमाणे बाहेर. मी तो कागद बघत बसलो. आता गंमत वाटेना.

मी म्हटलं, बाई, मी जाऊन येऊ? त्या म्हणाल्या, आता आकडा आलाय, आता भाऊ म्हणून जा.

सकाळची बस धरून गेलो. ताईने मला दारातच ओळखलं, म्हणजे तोंडावरून. काय ते एकदम सांग, म्हणाली. सांगितलं. दोन बाटल्यांचं, फोनचं, नऊ-बाराचं, आणि तिच्या तेराचं. चोरांचं ऐकून ती खदाखदा हसली. तेराचं ऐकून गप्प झाली आणि चहा ठेवायला उठली. ताई गप्प बसली की भाऊजी काउंटर सोडून आत येतात, तसे आले.

मग आम्ही दोघं मशीनला भिडलो. सगळं तपासलं. दिवा ठीक. तपासणीची रसायनं ताजी. तिने माझ्या देखत ओळखीचं, पक्क्या आकड्याचं सीरम थेट बाटलीतून मोजलं, तर बरोब्बर आलं. मी डोकं खाजवतोय. तेवढ्यात भाऊजींनी चहा ओतला आणि कपात पांढरे कपचे पडले. केटली बघितली तर आतून जाड पांढरं कवच. भाऊजी म्हणाले, इथलं पाणीच असलंय, नळाच्या तोट्यासुद्धा वर्षात बुजतात.

मी मान वळवली. सिंकशेजारी टॉवेलवर प्लास्टिकच्या छोट्या नळ्या उलट्या घालून वाळत होत्या. ज्यात पेशंटचं सीरम काढून ठेवतात त्या. एकदा वापरून फेकायच्या.

मी हळूच विचारलं, ताई, या जुन्या नळ्या परत वापरतेस?

ती भडकली. तिच्या लॅबमध्ये जुनी नळी वापरतील का म्हणून. नव्या कोऱ्या आहेत, म्हणाली. मागे एकदा खोकं फाटकं आलं, आत धूळ होती. तेव्हापासून ती प्रत्येक नवी नळी स्वतः धुते.

"कशाने धुतेस?"

"पाण्याने. आणि..." तिची नजर केटलीवर गेली. तिथून टॉवेलवर गेली. ताईला आयुष्यात मी असं अडखळताना पाहिलं नव्हतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम ठासून भरलेलं. नळी वाळली की ते तळाशी चिकटून बसणार, आणि वर सीरम घातलं की त्यात विरघळणार. आम्ही धाडलेली पूडही पाणी घालून तिने त्याच नळीत ओतून ठेवली होती. देशातली सगळ्यात स्वच्छ लॅब, आणि तिचं स्वच्छ असणंच तिला नडलं होतं. गलिच्छ माणूस ही चूक करूच शकला नसता.

मी खुर्चीवर बसून असा हसलो की भाऊजींना वाटलं मला काही झालं. ताईने आधी माझ्या पाठीत एक रट्टा घातला. मग पाकिटातून न धुतलेली नळी काढली, बाईंनी निघताना दिलेली बाराची राखीव बाटली मी खिशातून काढली, आणि तिने पुन्हा मोजलं. बारा.

पण नंतर ती हसली नाही. फोनजवळ बसली आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरला लावला. ज्यांचं कॅल्शियम जास्त दाखवलं त्या सगळ्यांना परत पाठवा, पुन्हा मोजून देते, माझी चूक आहे, असं तिने सरळ सांगून टाकलं. मी खुणा करत होतो, अगं आधी सभा होऊ दे, नाव शाबूत राहू दे, मग सांग. तिने माझ्याकडे पाठ फिरवली.

वार्षिक सभा. बाईंनी तो टिकल्यांचा कागद व्यासपीठावर उलगडला आणि दोन बाटल्यांची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. सभागृहात कुणी बुटाची नाडी बांधतंय, कुणाला अचानक छत बघावंसं वाटतंय. आमचे साहेब माझ्या पुढच्याच रांगेत होते, त्यांचे कान मागून लाल होताना मी आनंदाने बघितले.

मीटर उठले. आवाज चढवून म्हणाले, हा सदस्यांचा विश्वासघात आहे, आपल्याच माणसांसाठी कुणी सापळा लावतं का? चारदोन माना हलल्या.

बाई म्हणाल्या, "विश्वास होता ना. म्हणून तर फोन करणाऱ्यांतल्या एकानेही बाटली उघडून बघितली नाही."

कुणीतरी मागे फसकन हसलं, आणि मग आख्खी सभा फुटली. मीटर म्हणाले, मी तर फक्त विचारलं म्हणून सांगितलं. त्यावर तर खजिनदारसुद्धा हसले, आणि ते उभे असूनही काही वाजलं नाही.

हसणं ओसरल्यावर नियमाचा मुद्दा निघाला. यादीतून नाव कुणाचं काढायचं? नियमाकडे बघाल तर एकच नाव होतं. ताईचं. बाईंनी ते वाचून दाखवलं, बाईंना टाळता येईना. मी काहीतरी बोलायला उठणार, तर तिसऱ्या रांगेतून ताईच उठली.

तिने सगळं सांगितलं. खोकं, धूळ, नळ, केटली. अजिबात सारवासारव नाही. गावातल्या पेशंटचं पुन्हा मोजून दिलं, तेही सांगितलं. मग सभेकडे तोंड करून म्हणाली, "मी तीनदा चुकले आणि तिन्ही वेळा तुम्ही मला नुसतं 'बाहेर' असं छापून पाठवलंत. कुठे चुकते ते बघायला कुणी आलं नाही. माझा भाऊ आला, तो चहा प्यायला आणि चूक सापडली. तुमच्या सगळ्यांचा आकडा एक आहे, म्हणून तुमची चूक तर कुणाला कधीच सापडणार नाही. काढायचं तर काढा माझं नाव. पण मग बाराच्या बाटलीतून ज्यांनी नऊ काढलेत त्यांचं काय करणार ते आधी सांगा."

बसली. मग एक म्हातारे सदस्य उभे राहिले, त्या पहिल्या तिघांपैकी एक. ते म्हणाले, पहिल्या दिवशी आम्हाला तीन आकडे आले होते, आम्ही कुणाला हाकललं नव्हतं, एकमेकांच्या लॅबमध्ये जाऊन बघितलं होतं. नियम बदला. जो बाहेर पडेल त्याच्याकडे माणूस पाठवा. आणि जो रांगेत फारच सरळ उभा राहील, त्याच्याकडे आधी पाठवा.

हात वर झाले. सगळ्यात आधी वर गेला तो आमच्या साहेबांचा, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मीटरचा शेवटी, पण गेला. ताईचं नाव यादीत राहिलं, आणि मी तिथेच खुर्चीवर उभा राहून शिट्टी वाजवली. बाईंनी डोळे वटारले, मग स्वतःच टाळ्या वाजवायला लागल्या.

आता प्रश्न आला, लोकांच्या लॅबमध्ये जाऊन चुका शोधणार कोण? फुकटचं काम, वर शिव्या. सभा पुन्हा बुटाच्या नाड्यांत गुंतली. बाई म्हणाल्या, ज्या बाईने भर सभेत आपली चूक सांगितली, तिला दुसऱ्याची सांगायला काय जड जाणार आहे. ताईने लगेच हो म्हटलं. भाऊजींनी कपाळाला हात लावला.

पहिली भेट कुठे द्यायची ते ताईनेच ठरवलं. पुढच्याच आठवड्यात आमच्या लॅबचं दार उघडलं आणि ती आत आली. साहेब अदबीने उठून उभे राहिले. तिने त्यांना बसा म्हटलं, बेंचवरून एक बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"गुंड्या," ती म्हणाली, "फोन कुठे ठेवता रे तुम्ही इथे?"